'पण'च्या आधी कापू नका

शाळेत आपल्याला पत्रलेखन होतं. वडिलांना 'तीर्थरूप', इतर मोठ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव' आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. मायन्याला वेगळे मार्क असायचे. पण समोरच्याच्या पत्रातलं वाक्य आपल्या पत्रात कसं घ्यायचं, किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे कोणीच शिकवलं नाही. गरजच नव्हती. 'तू आंब्यांबद्दल लिहिलंस, त्याचं असं आहे की...' एवढं लिहिलं की भागायचं. अख्खं पत्र हाताने परत उतरवून खाली उत्तर लिहिण्याइतका वेळ कोणाला होता? उतरवण्याचे कष्ट होते, म्हणून माणूस कामापुरतंच उतरवत असे.

इमेलने हे कष्ट संपवले आणि तिथेच घोळ सुरू झाला. 'उत्तर द्या' हे बटण दाबलं की समोरच्याचा सगळा मजकूर आपोआप आपल्या उत्तरात येऊन बसतो. आता त्याचं काय करायचं? ठेवायचा? कापायचा? आपण वर लिहायचं की खाली? बहुतेक लोक यातलं काहीच ठरवत नाहीत. कर्सर जिथे असेल तिथे लिहितात आणि पाठवून मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की हे ठरवायला हवं. ही नुसती टापटिपीची गोष्ट नाही. समोरच्या माणसाचे शब्द आपल्या हातात आलेले असतात, त्यांचं आपण काय करतो ही गोष्ट आहे.

थोडा इतिहास सांगतो. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा :)

१९७९-८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी युजनेट सुरू केलं. त्याआधी १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला होताच. त्या काळी सगळा मजकूर साध्या टेलिफोन लायनींवरून जायचा, सावकाश आणि पैसे खर्चून. त्यामुळे दुसऱ्याचं लिहिलेलं उगाच परत पाठवणं हा उधळेपणा समजला जायचा. दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला > असा बाण लावायचा, लागेल तेवढंच ठेवायचं आणि त्याच्याखाली आपलं लिहायचं, ही रीत तिथे रुळली. युजनेटवरच्या काही प्रोग्रॅम्सची तर अशी सोय होती की उसना मजकूर तुमच्या स्वतःच्या मजकुरापेक्षा जास्त झाला, तर ते तुमचं उत्तर घेतच नसत! पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला 'आरएफसी १८५५' नावाचा दस्तऐवज निघाला. नेटवर वागावं कसं, हा त्याचा विषय. उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ कळेल एवढाच भाग ठेवा, असं त्यात सांगितलंय. सही चार ओळींहून मोठी नको असंही आहे. सगळी कॅपिटल अक्षरं म्हणजे आरडाओरडा, हेही त्यातच. (देवनागरीला कॅपिटल नाहीत. म्हणून आपण तीन-तीन उद्गारचिन्हं देऊन ओरडतो.)

मग ऑफिसांत आउटलुक आलं आणि २००४ मध्ये जीमेल आलं. कर्सर सगळ्यात वर आणि जुना मजकूर खाली, ही पद्धत घरोघरी पोचली. जीमेलने तर खालचा सगळा पसारा तीन ठिपक्यांमागे लपवून टाकला. दिसत नाही म्हणजे नाहीच असं आपल्याला वाटायला लागलं. असतो तो तिथेच. आपण मेल दुसऱ्याला फॉरवर्ड केला, की तोही बरोबर जातो.

आता माझं मत. वर लिहा की खाली लिहा यावरून काही लोक अगदी हमरीतुमरीवर येतात. मी त्यातला नाही. 'रविवारी जेवायला येताय ना?' या मेलला 'हो, चौघंही येतो' असं वरच्या वर लिहिलं तर आभाळ कोसळत नाही. ऑफिसात तर सगळा पत्रव्यवहार एकाखाली एक साठवण्याला अर्थही असतो. नव्याने आलेल्या माणसाला शेवटचा मेल पाठवला की सगळी फाइल हातात दिल्यासारखं होतं. पण जिथे मुद्दे चार आहेत, माणसं दहा आहेत आणि मतभेद आहे, तिथे एकच पद्धत मला चालते. समोरच्याचा एक मुद्दा ठेवायचा, त्याखाली आपलं उत्तर. मग पुढचा मुद्दा, पुढचं उत्तर.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. आपल्या सरकारी पत्रात वर 'विषय' असतो आणि त्याखाली 'संदर्भ : आपले दिनांक अमुकचे पत्र'. आपण त्या पत्रांना हसतो, पण वीस वर्षांनी कोणी ते कपाटातून काढलं तरी काय चाललं होतं ते कळतं. दिवाणी दाव्यात प्रतिवादीला कैफियत द्यावी लागते, तीही दाव्यातल्या परिच्छेदांना क्रमाने उत्तर देत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आठव्या आदेशाचा पाचवा नियम असा आहे, की दाव्यातलं जे विधान तुम्ही स्पष्टपणे नाकारलं नाही, ते सर्वसाधारणपणे तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाईल. गप्प राहून सुटका नाही!

मेलमध्ये मात्र गप्प राहून सगळे सुटतात. तुम्ही चार प्रश्न विचारलेले असतात. खर्च किती, देणार कोण, कधीपर्यंत आणि हिशोब कोण ठेवणार. उत्तर येतं, 'मस्त कल्पना! लवकर करून टाकू या.' खाली तुमचे चारही प्रश्न जसेच्या तसे लोंबकळत असतात. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहायची सवय असती, तर 'देणार कोण' याच्याखालची रिकामी जागा त्याची त्यालाच दिसली असती. म्हणून ही पद्धत मला आवडते. ती लिहिणाऱ्यालाच प्रामाणिक ठेवते.

आता तुम्ही म्हणाल, मग हिच्यात दोष काहीच नाही का? आहे ना. मोठा दोष आहे.

समोरच्याने एक सलग परिच्छेद लिहिलेला असतो. त्याचे आपण कांदा चिरल्यासारखे तुकडे करतो. अर्ध्या वाक्याखाली 'कशावरून?', पुढच्या अर्ध्याखाली 'पुरावा?', त्याच्यापुढे 'हाहाहा'. वाचणाऱ्याला वाटतं, काय सुरेख समाचार घेतला! पण त्या परिच्छेदात मिळून जे एक म्हणणं होतं त्याला उत्तर मिळालेलंच नसतं. उलटतपासणी होते, संवाद होत नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे पक्कं माहीत होतं. वेदान्तात एखादा मुद्दा चर्चेला घ्यायचा तर त्याची पाच अंगं सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. म्हणजे आपलं मत मांडण्याआधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं. आणि ते पडेल आवाजात, मोडकंतोडकं करून मांडायचं नाही. शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य वाचताना माझ्यासारख्या नवख्याला बऱ्याचदा पूर्वपक्षच पटतो, इतका तो भक्कम असतो. पानं उलटल्यावर कळतं की हे तर खोडून काढण्यासाठी मांडलं होतं! विरोधकाला वाचून 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं वाटलं पाहिजे, मग खुशाल खोडा. मेलमधल्या उसन्या मजकुरालाही माझी हीच कसोटी आहे. तुम्ही माझ्या दहा ओळींतल्या दोनच ठेवा, काही हरकत नाही. पण त्या दोन वाचून मला 'हो, हे माझंच म्हणणं' असं वाटलं पाहिजे.

आणि एकाआड एक लिहिण्याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या घराघरात आहे. ज्ञानेश्वरीची कुठलीही छापील प्रत उघडा. वर गीतेचा श्लोक, खाली ओव्या. पुन्हा श्लोक, पुन्हा ओव्या. गीतेचे सातशे श्लोक आणि ओव्या नऊ हजारांच्या घरात. श्लोक कापलेला नाही, आणि कोणाचं कुठलं याचा गोंधळ नाही.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने का लिहितोय, ते सांगतो. जवळच्या लोकांना माहीतच आहे.

आमचं कोकणात एक सामाईक घर आहे. २००८ च्या पावसाळ्यात त्याची पडवीकडची बाजू खचली. वासे बदलायचे की नुसती कौलं फिरवायची यावर मेल सुरू झाले. पुणे, नाशिक, डोंबिवली, न्यू जर्सी असे आम्ही बारा जण. घरात राहायची एकटी माई, म्हणजे आमची आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्याकडे मेल नव्हता, पण तिलाही सगळं कळावं म्हणून तालुक्याला असणारा एक पुतण्या शेवटचा मेल छापून घ्यायचा आणि रविवारी जाऊन तिला वाचून दाखवायचा.

त्या मेलांत धाकट्या काकांनी लिहिलं, 'घर विकायला माझी तत्त्वतः हरकत नाही, पण माई आहे तोवर हा विषय निघता कामा नये, आणि निघालाच तर आधी तिला विचारून.'

आमच्यातल्या एकाने ऑफिसातून घाईघाईत उत्तर दिलं. सुटसुटीत दिसावं म्हणून काकांच्या मेलातला बाकीचा भाग उडवला आणि एवढंच ठेवलं : 'घर विकायला माझी तत्त्वतः हरकत नाही.' खाली स्वतःचं एक वाक्य, 'मग दुरुस्तीवर जास्त खर्च करण्यात अर्थ आहे का?' प्रश्न साधा होता, दुष्टपणा काहीच नव्हता. पण त्यापुढची सगळी उत्तरं त्या मेलला आली. प्रत्येक उत्तरासोबत काकांचं ते अर्धं वाक्य फिरत राहिलं, बाण वाढत गेले. मूळ मेल कोणी उघडून बघितला नाही. कशाला बघेल? वाक्य तर समोर दिसतच होतं, काकांच्या नावासकट आणि तारखेसकट.

रविवारी पुतण्याने तेच छापून नेलं आणि वाचून दाखवलं.

माई कोणाला काही बोलली नाही. दिवाळीला काकांनी नेहमीसारखा फोन केला तेव्हा म्हणाली, 'घर विकलंस की फोन कुठे करणार रे?' आणि ठेवला. काकांना कळेना हे कशाबद्दल. पुढच्या गणपतीपर्यंत ती त्यांच्याशी धड बोलली नाही. गणपतीत सगळे जमलो, तेव्हा कोणीतरी काकांचा मूळ मेल शोधून छापून आणला आणि तिला वाचून दाखवला. पूर्ण. ती ऐकून घेऊन म्हणाली, 'मग हे आधी का नाही वाचलंत?'

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. वाचणाऱ्याने समोर होतं तेच वाचलं होतं. कापणाऱ्याने एक अक्षरही खोटं घातलं नव्हतं. काकांचे शब्द काकांचेच होते. आणि तरीही एका म्हातारीचं वर्ष वाया गेलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे थोडं नसतं. माई २०१४ मध्ये गेली. घर अजून आहे, वासेही बदलले. (ज्याच्या मेलची ही गोष्ट आहे त्याला लिहिण्याआधी विचारलं. 'लिही, पण नाव नको,' म्हणाला. म्हणून नाव नाही.)

तर यातून मी स्वतःपुरते काही नियम केलेत. पटले तर घ्या.

१. कापावं, पण 'पण'च्या आधी कापू नये. मराठी माणूस आपलं खरं म्हणणं 'पण'नंतरच सांगतो. 'तुमचं बरोबर आहे, पण...' यातलं पहिलं निव्वळ सौजन्य असतं. 'जर', 'तोवर', 'एवढंच की' या शब्दांनाही तोच मान द्यावा. मधलं काही गाळलं तर तीन टिंबं द्यावीत, म्हणजे इथे आणखी काही होतं हे वाचणाऱ्याला कळतं.

२. कोणाचं वाक्य ते नीट राहू द्यावं. 'अमुक तारखेला अमुक यांनी लिहिले' ही ओळ अडगळ वाटते म्हणून लोक उडवतात आणि मग मामांचं वाक्य मावशीच्या नावावर जमा होतं. दोन बाण, तीन बाण म्हणजे त्या वाक्याची वंशावळ असते. ती चुकली की वारस चुकतो.

३. विषय बदलला की नवा मेल लिहावा. आमच्याकडे एका मुंजीचं आमंत्रण 'रे: रे: रे: कौलांचा खर्च' या विषयाखाली आलं होतं. निम्म्यांनी उघडलंच नाही. बरं, नुसती विषयाची ओळ बदलूनही पुरत नाही. उत्तराच्या पोटात मूळ मेलचा दुवा लपलेला असतो, त्यामुळे बऱ्याच प्रोग्रॅम्समध्ये तो जुन्याच साखळीत जाऊन बसतो. आणि हे 'रे' म्हणजे कोणाला हाक नव्हे. 'विषयी' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आलंय. एकदा पुरतं.

४. 'सर्वांना उत्तर' दाबण्याआधी 'सर्वांना'चा अर्थ आठवावा. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८.४ लाख कर्मचाऱ्यांना गेला. 'मला का पाठवलंत?', 'कृपया मला यादीतून काढा' अशी उत्तरं लोकांनी पुन्हा सर्वांनाच पाठवली. ७५ मिनिटांत सुमारे ५० कोटी मेल फिरले. मला यात गंमत वाटते ती ही, की 'सर्वांना उत्तर देऊ नका' हेही लोक सर्वांनाच सांगत होते.

५. खाजगी मेल दुसऱ्याला दाखवायचा तर आधी विचारावं. १९९५ च्या त्या दस्तऐवजातही हे स्पष्ट आहे. पुढे पाठवताना शब्द बदलू नका, हवं तर कमी करा पण कोणाचं ते सांगा, आणि मजकूर खाजगी असेल तर परवानगी घ्या. फॉरवर्ड दाबण्याआधी त्या तीन ठिपक्यांवर एकदा क्लिक करून खाली काय काय दडलंय तेही बघावं. वहिनीच्या स्वयंपाकाबद्दल तीन महिन्यांपूर्वी केलेला विनोद तिथे असू शकतो. वहिनीलाच पाठवताय तुम्ही तो मेल.

६. आणि उसनं घेतलेलं नीट उमटलंय का ते पाहावं. माझ्या संग्रहात २००४ चा एक मेल आहे. मराठीत लिहिलेल्या मेलला आलेलं उत्तर. ज्या प्रोग्रॅममधून उत्तर दिलं त्याला युनिकोड झेपलं नसावं. त्यामुळे वर बाण, त्यापुढे ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं, आणि खाली एकच वाक्य : 'अगदी शंभर टक्के पटलं!' काय पटलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

हल्ली घरातल्या बहुतेक चर्चा व्हॉट्सॅपवर होतात. तिथे एखाद्या निरोपाला धरून उत्तर दिलं की त्याच्या पहिल्या काही ओळीच चौकटीत दिसतात. म्हणजे आता 'पण'च्या आधी कापायला माणसाची घाईही लागत नाही, ते काम यंत्रच करतं. मूळ निरोपावर बोट ठेवून वर जाऊन बघता येतं, पण बघतो कोण? स्क्रीनशॉट काढून पाठवायची पद्धत तर त्याहून वाईट. त्याला ना मागचं ना पुढचं.

माणूस आपल्याशी बोलत असतो तेव्हा त्याचे शब्द त्याच्या ताब्यात असतात. चेहरा असतो, थांबणं असतं, 'अरे, मला तसं नव्हतं म्हणायचं' असं लगेच सांगायची सोय असते. लिहून पाठवलं की ते सगळं जातं. शब्द समोरच्याच्या हवाली होतात, आणि त्याने ते ठेवीसारखे सांभाळावेत एवढीच अपेक्षा उरते. ठेव मोडायला हरकत नाही. पण जेवढी परत द्याल तेवढी खरी असावी.

असो. फार झालं. नातेवाईक मंडळी हे वाचून आपापसात पाठवणार, मला माहीत आहे. खुशाल पाठवा. फक्त 'हा म्हणतो, घर अजून आहे' एवढंच कापून नाशिकला पाठवू नका. पुढचं वासे बदलल्याचंही पाठवा. त्याचे पैसे अजून दोघांकडून यायचेत.